मीठ वर्ज्य

हाउनबी म्हणजे बंदराचं गाव.
नेब्रास्कात. जवळात जवळचा समुद्र आठशे मैल,
आणि तोही दुसऱ्यांचा.
धान्याच्या कोठारावर मात्र एक लोखंडी गलबत आहे,
वारा येईल तिकडे तोंड करणारं.

बोडिल क्येल्सन दर गुरुवारी येते दुकानात,
प्रेशरच्या गोळ्यांना. वय अठ्ठ्याऐंशी.
मी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळतो,
आकडा बघतो
आणि म्हणतो तेच : मीठ वर्ज्य.
ती म्हणते, पोरा, कुणाला सांगतोयस?

मग सुरू होतं लेसो.
डेन्मार्कच्या वरच्या अंगाला, तिनं कधीच न पाहिलेलं बेट.
तिथं माणसं मीठ शिजवायची.
घराएवढ्या कढया, खाली रात्रंदिवस जाळ,
जाळाला झाडं, मग आणखी झाडं,
आणि झाडं संपली तेव्हा वाळू उठली
न विचारता घरात शिरली.
पुरुष दर्यावर. बायकांनी किनाऱ्यावरचं समुद्रगवत वेचलं,
पीळ दिला, घरं शाकारली,
छप्पर असं जाड की आत वादळ ऐकू येईना.
हे सांगताना ती हात असा पिळते
जणू गवत अजून ओलं आहे.

चर्चच्या तळघरात बेटकऱ्यांच्या मंडळाची वही आहे.
तिनं मला एक पान वाचून दाखवलं, १९३४ चं :
'तिकडे समुद्रगवत रोगानं मेलं.
छप्परांचं पुढे काय, यावर चर्चा झाली.
कॉफी झाली.'
बस, एवढंच.
बाहेर मैलोगणती मका धुळीत करपत होता त्या साली,
आणि ही बावीस माणसं
समुद्रापारच्या छप्परांची काळजी करत बसली होती.

रविवारी ती थॉर्किलला फोन लावते. चुलतभावाचा नातू.
फेरीचं तिकीट वाढलं. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच.
शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत.
उन्हाळ्यात पाहुणे इतके की पाव पुरत नाही,
हिवाळ्यात बेकरीवालाच पाहुणा.
ती मान हलवते : इथंही तेच, शाळेची बस आता पस्तीस मैल जाते.
एकदा तो हसला. म्हणाला, आजी,
तुझे शब्द इथं फक्त थडग्यांवर उरलेत.
तिनं मला हे सांगितलं तेव्हा
ती हसत होती की नाही, मला नक्की सांगता येणार नाही.

'आणि तुझं गाव?' एवढंच विचारलं तिनं, सहा वर्षांत एकदा.
माझ्या मनात नव्हतं, पण बोललो.
खाडीकाठचं मिठागर, आमचं.
बांध फुटला की अख्खी गावकी फावडी घेऊन धावायची.
बाप संध्याकाळी घरी यायचा
तेव्हा पोटऱ्यांवर पांढरी रेघ, जिथवर पाणी होतं तिथवर.
आम्ही झाडं जाळली नाहीत, ऊन होतं ना आमच्याकडे.
आता त्या खाजणावर धावपट्टी आहे.
विमान उतरताना मी खाली बघतो,
आमची कोंडी कुठली ते शोधतो,
तेवढ्यात चाकं टेकतात.
ती बराच वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली, म्हणजे तूही.

ह्या महिन्याअखेर दुकान बंद होतंय.
औषधं टपालानं येतील,
टपाल पट्टा गुंडाळत नाही.
मागच्या गुरुवारी तिनं गोळ्यांची रिकामी बाटली ठेवली काउंटरवर.
बाटलीत मीठ. थॉर्किलनं पाठवलेल्या पुडीतलं अर्धं,
राखाडी, जरा दमट, धुराचा वास.
मी सवयीनं तराजूत टाकलं. एकेचाळीस ग्रॅम.
ह्या मिठाला जागायचं कसं, मला कळेना.

आज तिचं प्रेशर जास्तच होतं.
माझ्या डब्यातला भातही, खोटं कशाला, खारट होता.
मी आकडा लिहिला.
कारणाचा रकाना होता, तो कोरा ठेवला.
बाहेर वारा फिरला असावा,
कोठारावरचं गलबत करकरलं,
आणि आम्ही दोघांनी एकदम वर पाहिलं.