कोपराचं माप

नेर्लेकर बाई गाडी घेऊन आल्या तेव्हा
उद्यमनगरात लाईट गेली होती.
लेथ गप्प. समोरच्या फौंड्रीत
भट्टी तेवढी आतल्या आत धुमसत होती.

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. आत पलंग, शेगडी, बेसिन,
आणि रिटायर झालेल्या भूगोलाच्या बाईंचा
घडीघडीवर फाटलेला नकाशा.
"टाकी रिकामी करायची म्हणजे, मुल्लाणी,
पोटावर झोपायचं, पलंगाखाली खांदा घालायचा
आणि चाचपत बसायचं.
गगनबावड्यात रात्री दोनला पाणी गळायला लागलं,
कॉक समजून मी गॅसचा नट पिळत होते."

बॅटरी घेऊन आत शिरलो.
तीन वॉल. एक टाकीच्या मागं.
एकाची दांडी पाव फिरली की प्लायला थटते.
तिसरा बघायचा तर आरसा लागतो.
शिव्या आपोआप आल्या,
बाई दारात होत्या म्हणून हळू दिल्या.
कुठल्या आंधळ्यानं बसवलं हे,
त्याला कोपर होतं का न्हवतं

आणि जोडावर दिसली
हिरव्या ऑइलपेंटची रेघ.
ती रेघ सगळ्या कोल्हापुरात एकच दुकान मारतं.

बारा वर्षं झाली.
इचलकरंजीच्या कुणा शेठनं नुसता सांगाडा आणलेला.
पलंग नाही, फळी नाही,
खिडक्यांच्या भोकांतून ऊन आत.
एका हातात चहाचा ग्लास धरून
उभ्या उभ्या बसवले होते मी हे तिन्ही.
तेव्हा सगळे समोर होते.
मग सुतार आला, त्यानं त्याचं काम चोख केलं.
मग गादीवाला.
कुणी कुणाला विचारलं नाही. मीही नाही.

बाहेर आलो, गुडघे झटकले,
इर्शादला चहा सांगायला पाठवलं.
बाईंना काही बोललो नाही.

"दारापाशी उभ्या राहा. डोळे मिटा.
आता हात न्या,
जिथं कॉक असावासा वाटतो तिथं."
उजवा खांदा त्यांचा वर जात नाही,
हात बेसिनच्या खाली, जरा डावीकडं थांबला.
बोटांभोवती खडू फिरवला.
टेप खिशातच राहिला.

लाईट आली ती चारला.
सहापर्यंत तिन्ही वॉल एका ओळीत,
दांड्यांना लाल, निळा, पिवळा रंग.
बाईंनी पुन्हा डोळे मिटून मधला फिरवला.
गाडीखालून पाणी सुटलं,
रस्ता ओलांडून
फौंड्रीच्या काळ्या वाळूत गेलं.

"किती झाले?"
पाइपाचे आणि पितळेचे सांगितले.
"आणि मजुरी?"
"ती बारा वर्षांमागं मिळालीय."

बाई हसल्या नाहीत.
हजेरीत उशिरा 'हजर' म्हणणाऱ्या पोराकडं बघावं
तसं बघितलं,
आणि मजुरीचेही मोजून
ऐरणीवर ठेवून गेल्या.