दुसरा वेढा

तिसरीत असताना माझ्या दप्तराचा बंद तुटला
आणि पप्पांनी तो शिवला जेवणाच्या टेबलावर,
वाकड्या सुईनं, काळ्या रेशमी धाग्यानं.
सात टाके. "पाण्यापासून जप," म्हणाले,
"आठव्या दिवशी दाखवायला आण."
मी नेलं. चष्मा लावून त्यांनी तपासलं,
"जखम छान भरलीय बाई," आणि फी म्हणून
माझा अर्धा राजगिऱ्याचा लाडू खाल्ला.

शरणपूर रोडवर अजून कुणी ना कुणी थांबवतं मला.
परवा एका रिक्षावाल्यानं भर सिग्नलला
शर्ट वर करून पोटावरची रेघ दाखवली,
"मकासरे डॉक्टरांची आहे ही, ताई. एक्क्याण्णव साल."
घराण्यातला दागिना दाखवावा तशी.
मागे गाड्या हॉर्न मारत होत्या.

शांतवन. आजीनं हे नाव ठेवलं तेव्हा
तिची दोन लेकरं आधीच मातीत होती.
नावाला जागण्यात त्यांचा जन्म गेला,
आमच्या वाट्याला आलं झाकून ठेवलेलं ताट.
नाताळच्या आदल्या रात्री आई
फोनकडे पाठ करून करंज्या तळायची,
जणू न बघितल्यानं तो वाजणार नव्हता.
वाजायचाच. सुरगाण्याहून जीप निघालेली असायची,
नाहीतर पेठहून, घोंगडीत गुंडाळलेलं कुणी.
"देवाला तुम्ही एकटेच सापडता का?"
एक गरम करंजी खिशात टाकत पप्पा म्हणायचे,
"रात्रीचा फोन उचलणारे कमी आहेत गं त्याच्याकडे."

हात धुणं ही त्यांची अर्धी प्रार्थना.
कोपरापर्यंत, नखांखाली, घड्याळाकडे बघत.
उरलेली अर्धी मास्कच्या आत.
रणभिसे सिस्टर सांगतात, नुसतं कापड हलायचं,
तेवढ्यात भूल देणारे दीक्षित
आपला रामराया आठवून घ्यायचे.
मग पप्पांचा हात पुढे. ब्लेड.

गाठ मारायला त्यांनीच शिकवलं.
साध्या गाठीला एक वेढा, त्यांच्या गाठीला दोन.
"दुसरा वेढा संशयाचा," म्हणायचे,
"तो घालून झाल्यावर मग देवावर सोडायचं."
संक्रांतीचा मांजा, लोणच्याच्या बरणीचा दादरा,
निफाडच्या पेशंटला परत पाठवायच्या रिकाम्या पेट्या.
आमच्या घरात गाठ सुटायची नाही.
कात्री हरवली की लोणच्याशिवाय जेवण.

ते गेल्यावर बायबलमागे हिरवी वही सापडली.
मला वाटलं, हिशोब.
टेबलावरून परत न आलेल्यांची नावं होती.
छत्तीस वर्षं, एकोणसाठ ओळी.
मोहन गावित, वय ९. शिट्टी छान वाजवायचा.
सीताबाई. आडनाव विचारायचं राहिलं.
दत्तू पेखळे. भाऊ बाहेर उभा होता. त्याला मी नीट सांगितलं नाही.
उत्तम शुक्रवारी दार लावून बसायचे दुपारभर.
आम्ही समजायचो, उपासानं थकलेत.

शेवटची दोन वर्षं बोटं थरथरायची.
शर्टाची बटणं मी लावून द्यायचे
आणि ते माझ्या बोटांवर डोळे ठेवून:
"डावा हात सफाईचा आहे तुझा."
मी बँकेत आहे, पप्पा.
"असू दे."

जानेवारी होता. हाडं वाजवणारी ती नाशिकची थंडी.
कबर खणणाऱ्यानं पेटीच्या कड्यांना दोर बांधले.
एकच वेढा.
मी म्हटलं, थांबा.
मातीत गुडघे टेकले, चारही गाठी सोडल्या,
पुन्हा बांधल्या. अनुग्रह मागे खोकला.
पाळकांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं
आणि वाट बघितली.

पप्पा सावकाश खाली गेले, कुठंही न कलता.
मग त्या माणसाला दोर परत हवे होते,
चार वाजता आणखी एक माती होती.
तो पालथा पडून ओढत राहिला,
नखानं, दातानं. गाठ सुटेना.
एवढी माणसं जमली होती,
निम्मं सिव्हिल हॉस्पिटल,
पण कात्री कुणाकडेच नव्हती.