रकाना सातवा

साकव काढून मोरी घालायचं मंजूर झालं
आणि फॉर्मवर सातव्या रकान्यात विचारलंय :
नाल्याचे नाव.

नकाशात तो केसाएवढी निळी रेघ आहे.
खाडीपर्यंत पोचायच्या आत कागद संपतो.

म्हणून जानेवारीतल्या एका गुरुवारी
वरूनच सुरुवात केली, पायात ऑफिसची चप्पल.

सड्यावर उगम असा नाहीच.
कातळाला भेग, भेगेत ओल,
ओलीवर चार-दोन पिवळ्या फुलपाखरांची बैठक.
म्हशी राखणारा लवू झोरे म्हणाला, ह्ये धुपाचं पाणी.
धूप कुठाय?
तोडला, आज्याच्या वक्ताला.
नाव तोडायचं ऱ्हायलं.

तिथून पाणी कातळाखाली जातं,
शंभरेक पावलं बेपत्ता.
मी वरून चाललो, चोरट्यासारखा,
निजलेल्या माणसाला ओलांडू नये म्हणतात
तरी ओलांडावं तसा.

उंबराच्या मुळातून तो परत येतो
आणि गोताडांच्या वाडीत पेजेचा पऱ्या होतो.
लावणीला बायका ह्याच दगडावर बसून पेज प्यायच्या,
दगडाला अजून टोपाच्या बुडाएवढा खळगा आहे.

खाली बापटांच्या आगरात त्याचा पाट झाला,
पोफळीच्या आळ्यातून आळ्यात.
तिथे त्याला वारांची नावं :
सोमवार-मंगळवार आमचा,
गुरुवार-शुक्रवार चुलत्यांचा,
बुधवार कोर्टात आहे.
(शनिवार-रविवारचं मी विचारलं नाही.
पाणी मात्र त्या दिवशी, गुरुवारी,
दोन्हीकडे झिरपत होतं.)

मोहल्ल्यात इब्राहीम होडेकर जाळं शिवत होता.
त्यांच्यात ह्याला नुसतं ‘गोडं’ म्हणतात.
चार दिवस खाऱ्यात काढून होडी लागली
की पहिला तांब्या गोड्याचा,
मग घर, मग पोरं.

साकवावर चंद्रीआजी शिगवण भेटली,
डोक्यावर शेणी, हाताने बांबू धरलेला.
नाव? ती थांबली.
घरातल्या मान्साला नावान् कोन हाक मारतो रं?
आमच्या मालकांचं नाव मी आजून घेतलं नाय,
मग ह्येचं काय घेव?
आणि मोरी झाल्यावर धरायला काय असेल
ते मला विचारून गेली.

शेवटी खाजण. तिवरांच्या मुळांत भरती वर चढते
आणि पऱ्या पाहुण्याला वाट द्यावी
तसा थोडा मागे सरतो.
विचारायला तिथे कोणी नव्हतं, एक बगळा होता.
चिखलात डावा पाय घोट्यापर्यंत गेला,
वर आला तो उघडा.
हात घालघालून शोधली.
नंतर ओहोटी लागली, मी घरी आलो,
एका चपलेने.

फॉर्मवर ‘स्थानिक नाला’ लिहिलं. खोडलं.
‘धुपाचं’ लिहिलं, तर पेज उरली.
‘गोडं’ लिहिलं, तर साहेब हसतील.
रकाना बोटाच्या दोन पेरांएवढा,
आणि पाणी अडीच मैल.

मंगळवारी होडेकर ऑफिसात आला,
कागदात गुंडाळलेली चप्पल टेबलाखाली ठेवली.
जाळ्यात आली, म्हणाला, कोळंबीबरोबर.

माझीच कशावरून?

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, टाच कुठे झिजते ते,
आणि चहा नको म्हणून
उठला.