तुम्हीसुद्धा

बुधवार पेठेतल्या माशांच्या दुकानातून
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसून दोघं आले,
झाकणाला दाभणाने पाडलेली भोकं.
एकाच्या शंखाला कुणीतरी निळा ऑइलपेंट फासलेला,
दुसऱ्याच्या शंखाला ओठाशी टवका.
केतकीने डबा मांडीवर धरला होता.
रिक्षा स्वारगेटपाशी आचके देत थांबली
तेव्हा ती डब्याला म्हणाली, "झालं, आलंच हं."
मला काही म्हणाली नाही.

धायरीतल्या या घरात तीही नवीनच.
महिन्यापूर्वी मंजिरीच्या दोन बॅगा आल्या
आणि हिची एक, जिची चेन अजून पूर्ण उघडलेली नाही.

काचेची पेटी मी आणली, बाकी हुकूम तिचे.
बांधकामावरची वाळू नको, तीत सिमेंट असतं.
वाळूत नारळाचा भुसा, थर एक वीत खोल,
आणि ओली किती?
"दिवाळीतल्या किल्ल्याचा बुरूज उभा राहील इतकी."
एक वाटी गोड पाण्याची, एक खाऱ्या.
जेवणातलं मीठ चालत नाही.
नळाच्या पाण्यात आधी औषधाचे थेंब,
टँकरच्या पाण्यात जरा जास्तच.
ओलावा मोजायचं घड्याळ लावलं तर काटा बाविसावर.
पुण्याचा एप्रिल, माणसांचे ओठ फुटतात,
यांना तर श्वासही ओलाच लागतो.
मी झाकणावर प्लॅस्टिक ताणून चिकटवलं,
दर दोन तासांनी उठून पाणी फवारलं,
काटा ऐंशीला टेकला तेव्हा
शेजारी जाग आल्याचा खोकला झाला.

सकाळी काचेवर वहीचा कागद होता:
आठ दिवस कोणीही हात लावू नये.
खाली, वेगळ्या पेनने,
तुम्हीसुद्धा.

निळ्याचं नाव पोंक्षे, गणिताच्या सरांवरून,
कारण हाक मारली की दार लावून घेतो.
दुसऱ्याला नाव दिलं नाही.
"आधी राहतोय का बघू," ती म्हणाली.

रात्री हॉलमध्ये झोपणारा मी,
शंख काचेवर आपटल्याचा आवाज ऐकत पडायचो.
टक्. बराच वेळ काही नाही. टक्.

मग बिननावाचा वाळूत गेला.
दहा दिवस. वीस.
गाजराचा कीस पोंक्षे एकटाच खाऊ लागला.
मी पेटीत नाक घालून वास घेई,
मेला असेल तर बोंबलासारखा येतो म्हणतात,
ओल्या भुशाशिवाय कसलाच येत नव्हता.
चोविसाव्या रात्री चमचा घेऊन उभा राहिलो.
ती दारात, केस विस्कटलेले.
"उकरू नका.
कात टाकतोय. आत्ता तो सगळाच मऊ असेल."
चमचा ड्रॉवरमध्ये ठेवला.
त्याचाही आवाज फार मोठा झाला.

त्या रविवारी जुन्या बाजारात
पितळी कुलुपं आणि बंद रेडिओंच्या मधे
मला तीन शंख मिळाले, दीडशेला,
गोल तोंडाचे, आतून मोतिया.
उकळून, गार करून ओळीने मांडले.
पोंक्षेने एकावर चढून पलीकडे उडी मारली.

सेहेचाळिसाव्या रात्री वाळू हलली.
आधी एक पाय, लालसर, नवा कोरा,
मग टवका गेलेला ओठ.
आम्ही दोघं फरशीवर पालथे, टॉर्चवर लाल रुमाल.
तो माझ्या शंखापाशी आला,
मिशांनी तोंड मापलं, आत नांगी घालून फिरवली,
आणि एका झटक्यात उघडा होऊन आत शिरला.
"गेला! अगं, माझ्यात—"
"श्श. हळू बोल."

बोल. मी श्वास धरला.
तो आत वळला, जरा बसला,
मग बाहेर येऊन परत आपल्या
टवक्याच्या शंखात जाऊन बसला.
"असू दे," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.
"इथेच ठेवू तो."

सकाळी दप्तर भरता भरता विचारलं,
"खारं पाणी बदललंत का?"
बदललं, म्हटलं.