अठरा मिलिमीटर

एइर्लिस पॅरीच्या घरात मी आधी
चार पायांवर फिरलो, कुत्र्यासारखा.
टेप नंतर. आधी तळहात.
जमीन डोळ्यांना खोटं सांगते,
हाताला नाही.

गालिचा संपून लिनोलियम सुरू होतं
तिथे पितळी पट्टी, एका टोकाला उचकटलेली.
चाळीस वर्षांच्या बुटांनी तिची दखल घेतली नव्हती.
न्हाणीघरापाशी फरशीची कड.
चुलीपुढे तिच्या आईने चिंध्यांची विणलेली चटई,
एक कोपरा कायम वर, कान टवकारल्यासारखा.
मी खिशातली गोटी सोडली.
ती पट्टीला आपटली, विचारात पडली
आणि कपाटाखाली गेली.
"माझंही तसंच होतं," एइर्लिस खुर्चीतून म्हणाली,
"फक्त कपाटाखाली मावत नाही मी."

वॉकरला ती बेस म्हणते.
तिच्या वडिलांच्या वेळी खाणीत वॅगन ओढणारी
घोडी होती त्या नावाची, म्हातारी, हट्टी,
बोगद्याच्या तोंडाशी हटकून थांबणारी.
ही बेस पुढे दोन चाकांची, मागे दोन रबरी खुरांची.
सपाटीवर गुणी.
पण स्वयंपाकघराच्या दारात
पाटीच्या दगडाचा उंबरा आहे,
आणि इथेच घोडं पेंड खातं.

अठरा मिलिमीटर.
मोजलं तेव्हा मला हसू आलं,
माझ्या अंगठ्याच्या पेराहून कमी.
जानेवारीत या पेरावरच
तिचा खुबा मोडला होता.

"काढून टाकू," मी म्हणालो,
"छिन्नीने तासाभराचं काम."
ती काही बोलली नाही.
चहा ओतताना बशीत सांडला, तो पुसला नाही.
मग म्हणाली, हा ग्विलिमने फोडलेला.
लग्नाआधीच्या रविवारी, चॅपल चुकवून.
एका घावात दुभंगला.
दुसरा अर्धा एक्कावन्न वर्षं परसात टेकून होता,
आता टेकडीवर आहे,
त्याच्या डोक्याशी, नावासकट.

छिन्नी मी पिशवीत ठेवली.

एक चढायचं तर बारा चालायचं,
हे आमच्या धंद्यातलं गणित.
म्हणजे वीतभर लाकूड अलीकडे,
वीतभर पलीकडे.
ओकवर रंधा मारत मारत कड कागदाएवढी केली,
वर खरखरीत पट्टी, ओल्या बुटांसाठी,
कडेला पिवळी रेघ, कारण संध्याकाळी
तिच्या डोळ्यांना लाकूड आणि सावली सारखीच दिसतात.
मधे दगड तसाच, उघडा,
छोट्या खिंडीचा माथा.
पितळी पट्टी भंगारात गेली.
चटई भिंतीवर टांगली,
तिथे तो कान एकदाचा खाली पडला.

सोमवारी ती बेसला घेऊन आली.
आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग धडका,
नर्सने शिकवलेलं पुटपुटत, प्रार्थनेसारखं नव्हे,
वाण्याच्या यादीसारखं.
मी हात पुढे केला.
विजेच्या बिलाकडे पाहावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं.
चाकं चढली. आवाज बदलला:
लाकूड, मग दगड.

दगडावर ती थांबली.

मला वाटलं, अडली.
गुडघ्यावर बसून मी फट शोधायला लागलो,
वाकलेला खिळा, उठलेली कड, काहीतरी.
"काही अडलेलं नाही, गेथिन," ती वरून म्हणाली,
"मीच थांबलेय."
पातळ तळव्याचा तिचा बूट
जरा पुढे, जरा मागे,
झोपलेल्या माणसाची पाठ चोळावी तसा.
आत केटलीने शिट्टी धरली होती.
तिने धरू दिली.

गुरुवारी पुन्हा गेलो. एक स्क्रू
केसभर वर आला होता, आवळला.
कपाटाखालून गोटी काढली आणि जोरात सोडली.
लाकडावरून चढली, दगड ओलांडला, पलीकडे उतरली,
थेट एइर्लिसच्या बुटापाशी.
तिने वर पाय ठेवला.
म्हणाली, ही आता इथेच राहील.
पडशील तिच्यावरून, मी म्हणालो.
खिशात ठेवते ना, ती म्हणाली,
आणि वाकता येत नाही म्हणून
तीही मलाच उचलून द्यायला लावली.