वगळून

अमरावतीच्या शोरूममध्ये एसी इतका थंड
की बाबांनी टोपी कानांवर ओढली.
पोरगा सव्वीस-सत्तावीसचा, गळ्यात टाय, बुटांवर मोर्शी रोडची धूळ,
मला मॅडम म्हणत होता, बाबांना अंकल,
आणि गाडीला हात लावण्याआधी तळवा पँटला पुसत होता.

सौदा झालेला, पेढे खाऊन झालेले.
मग त्यानं एक चकचकीत कागद पुढे सरकवला:
रंगावर सिरॅमिकचा थर, सीटवर डाग न धरणारा फवारा,
दोन्ही मिळून चोवीस हजार पाचशे.
हप्त्यात टाकू मॅडम, महिन्याला कळणारसुद्धा नाही.

मी उपकेंद्रातली नर्स. महिन्याला काय कळतं
ते मला चांगलं कळतं.
पण निळी गाडी समोर उभी होती,
टाळू न भरलेल्या बाळासारखी,
आणि वाटलं, द्यावे का.

बाबांनी चष्मा काढला. उकंडा पेंटर.
चाळीस वर्षं बंड्या, ट्रॉल्या, शाळेच्या भिंती,
एकदा एका पुढाऱ्याचं नाव, त्याचे पैसे अजून यायचे.
बोनटवर वाकून बोटाच्या पेरानं रंग चाचपला,
कान लावल्यासारखा.
"कंपनीनं चार-पाच हात मारले हायेत, भट्टीत भाजून.
याच्यावर तू आनखी काय लावतं बापू, अन् काऊन?"

संरक्षण, अंकल. ऊन, पाणी, पाखरांची घाण. पाच वर्षं गॅरंटी.
"गोटा उडाला तं?"
ते वगळून.
"बकरी चढली तं?"
प्राणी वगळून.
"बाभूळ घासली?"
ओरखडे वगळून, अंकल.
"अन् दर सा महिन्यानं इथंसा गाडी नाई आनली?"
पोरगा गप्प. पण कागदाच्या तळाशी
मुंगीएवढ्या अक्षरांत होतं,
आणि बाबांचा जन्म अक्षरं काढण्यात गेला.

"माह्या आंधीचे दोन गेले," बाबा त्यालाच सांगू लागले,
जसं काही तोच गाडी घेत होता.
"मी झालो तं मायनं मले सुपात घालून उकंड्यावर ठेवलं.
शेजारनीनं उचललं, मायनं सव्वा रुपयात वापस घेतलं.
मरनाले वाटावं, कचरा हाये."
मग? पोरानं विचारलं. खरंच विचारलं.
"मंग काय. एकाहत्तर झाले.
पन त्या सव्वा रुपयानं वाचलो
का तसाही वाचनारच होतो, कोनाले ठाऊक?"

रंगाचं मी नाही म्हटलं.
सीटचा फवारा घेतला, साडेसहा हजार.
महिन्याचे चार विकावेच लागतात, असं तो हळूच म्हणाला होता.
माहुलीपर्यंत बाबा माझ्याशी बोलले नाहीत.

कंपनीचं प्लास्टिक मात्र त्यांनी सीटवरून काढू दिलं नाही.
मे महिन्यात मांड्या चिकटायच्या,
उठताना पापड मोडल्यासारखा आवाज.
फवारा खाली, प्लास्टिक वर, प्लास्टिकवर मी.

बनाबाईची बकरी जूनमध्ये चढली.
बोनटवर उभी राहून तिनं कडुनिंबाची डहाळी खाल्ली,
चार खुरांचे चार हिशोब लिहून उतरली.
बाबांनी बारीक ब्रश काढला, डबीत निळा घोटला,
श्वास रोखून एकेक ओरखडा भरला.
सकाळी रंग जुळतो. संध्याकाळी नाही.
उरलेला निळा उपकेंद्राच्या वजनकाट्याला लागला.

जुलैतल्या एका रात्री अँब्युलन्स नाल्यापलीकडेच अडली.
मागच्या सीटवर ज्योत्स्ना, तिची सासू, टॉर्च धरून आशाताई,
आणि दवाखाना सात किलोमीटर असतानाच
एक पोरगी, दोन किलो सातशे, रडकी.

सकाळी प्लास्टिक काढून हौदावर धुतलं,
तारेवर वाळत घातलं.
खालची सीट पहिल्यांदाच पाहिली. कोरी, राखाडी.
ही त्या फवाऱ्यानं, का प्लास्टिकनं, का उगीच
हे विचारायला मी बाबांकडे पाहिलं.
ते तारेखाली उभे होते,
प्लास्टिकचं एक टोक फाटलं होतं
त्याला चिकटपट्टी लावत.