बिनआवाजाचं फ्रायव्हील

लक्ष्मीपुरीत दस्तगीरच्या काउंटरवर
जुन्या पेपरावर मांडलेली तीन फ्रायव्हील.
"मोटर किती वॅटची?"
"साडेतीनशे."
"मग साधं टिकत न्हाई, आनंदा.
पाय विचारून जोर लावतो.
मोटर विचारत न्हाई."

पहिलं दोन कुत्र्यांचं.
त्यानं अंगठ्यानं फिरवलं. टर्रर्र.
असतातच की पोलादाची कुत्री पोटात,
जोर आला की दात धरणारी,
मोकळं सोडलं की दातांवरनं घसरत भुंकणारी.
माझी जुनी जोडी पहाटे पाचला
बोळाच्या उतारावर तोंड सोडते
आणि बोळातली खरी कुत्री तिला उत्तर देतात.
नाइट करून आलेले चौगुले
दार उघडून नुसते बघतात.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसरं चार कुत्र्यांचं, जाड अंगाचं.
आवाज बारीक, भिंतीतल्या किड्यासारखा.
"ग्रीस भरलं तर गप्प बसंल."
"बसंल की. थंडीत ग्रीस घट्ट झालं
की कुत्री उठायचीच न्हाईत.
चढाला पायडल रिकामं फिरंल
आणि मागं उसाचा ट्रॅक्टर.
तेल घाल, पातळ.
गप्प करायचं म्हणून
कुणाच्या तोंडात बोळा कोंबू नये."

तिसरं फिरवलं तेव्हा काहीच झालं नाही.
आत कुत्री नव्हती,
एकाच बाजूला अडणारे बारीक रोलर होते.
फिरतंय हे डोळ्याला दिसत होतं,
कानाला त्याची खबर नव्हती.
किंमत तिप्पट.

करकर वाजली नाही तर
वहाण परत करणारं हे गाव,
आणि मी वाजू नये म्हणून पैसे मोजले.
शालनला पावती दाखवली नाही.

उद्यमनगरात बावीस वर्षं मी कास्टिंग घासतो.
कानातला कापूस संध्याकाळी काळा निघतो,
मी तो झटकतो आणि उद्यासाठी खिशात ठेवतो.
शिफ्ट सुटल्यावर मुद्दाम टेंबलाईवर चढलो.
मोटर बंद केली. पाय जागेवर.
उतार.

वारा.
कुठल्या तरी घरात कुकर.
आणि टर्रर्र.

थांबलो. मागचं चाक उचलून फिरवलं.
चाक गप्प.
हातानं चाक धरलं,
टर्रर्र चालूच.
डावा कान दाबला तर आणखी जवळ,
दाराशी येऊन बसल्यासारखं.

म्हणजे ही माझीच.
किती वर्षं भुंकतायत कुणास ठाऊक,
सायकलच्या आडोशाला.

त्या रात्री चौगुल्यांची झोप झाली असेल.
माझी नाही.

"वापरलेलं परत घेत न्हाई," दस्तगीर म्हणाला,
तरी हातात घेतलं, कानाशी धरलं, फिरवलं.
"लोण्यासारखं चाललंय. बिघाड काय?"
"त्यात नाही."
त्यानं माझ्याकडं बघितलं, पुढं विचारलं नाही.
"चार कुत्र्यांचं दे."
"त्याला आवाज हाय."
"असू दे. टिकेल?"
"तुझ्याआधी मरत न्हाई."

त्यानं दीडशे कापून घेतले,
चाक आडवं करून फ्रायव्हील आवळलं,
फटीत तेलाचे चार थेंब सोडले.
बाहेर टेम्पो मागं येत होता.
तो खाली मान घालून काहीतरी बोलला.
"काय?"
परत बोलला.
"काय म्हणालास?"

तिसऱ्यांदा तो बोललाच नाही.
पेपराचा कोरा कोपरा फाडून
कानावरच्या पेन्सिलीनं लिहिलं,
मोठ्या अक्षरात, पोराला लिहून देतात तसं:
दर महिन्याला तेल. पातळ.